वेढ्यातली खोटी बातमी

आमच्या खेळातला किल्ला दर वेळी नवव्या दिवशी पडायचा. कोठारात धान्य असो वा नसो, तट शाबूत असो वा ढासळलेला, नववा दिवस उजाडला की आतली माणसं हत्यारं टाकून दरवाजा उघडायची. त्या माणसांची मनं मी बनवली होती, आणि ती माझंच ऐकत नव्हती.

गुरुग्रामला एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही अकरा जण मिळून कंप्युटरवर खेळायचा एक खेळ तयार करत होतो. खेळणारा किल्लेदार असतो. त्याने डोंगरावर किल्ला बांधायचा, विहिरी खोदायच्या, कोठारं भरायची. मग शत्रू येऊन वेढा घालतो, आणि तो उठेपर्यंत तग धरायचा. तोफा, शिड्या, सुरुंग हे सगळं इतरांकडे होतं. माझ्याकडे होतं आतल्या एकशेचाळीस माणसांचं मनोधैर्य. प्रत्येकाला एक आकडा दिला होता, शून्य ते शंभर. भूक लागली, झोप मोडली की तो उतरायचा, शेजारचं कोणी मेलं की एकदम खाली जायचा. हल्ला परतवला की चढायचा. वीसच्या खाली गेलेला माणूस पहारा सोडायचा, आणि निम्मी माणसं तशी झाली की दरवाजा उघडायचा.

कागदावर हे छान दिसत होतं. पडद्यावर मात्र नववा दिवस.

आमचा टीम लीड दिल्लीचाच, पंजाबी. त्याला वाटायचं की मी मराठी म्हणजे मला हे जन्मतःच येत असणार. "तू मराठी है यार, किले तो तेरे घर की बात है." मी दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढले, शाळेत हिंदी बोलले, आणि आयुष्यात किल्ला चढले ती दोनदा, सुट्टीत मामाकडे साताऱ्याला गेले तेव्हा. हे त्याला सांगायची मला लाज वाटायची.

खोट्या बातमीची कल्पना त्याची. वेढा लांबला, माणसं खचू लागली की खेळणाऱ्याला एक बटण मिळेल. ते दाबलं की किल्लेदार चौकात येऊन सांगणार, निरोप आलाय, मदतीची फौज दोन दिवसांवर आहे. सगळ्यांचा आकडा वीसने वर. पण खोटं उघडं पडलं की सगळ्यांचा आकडा शून्य, दरवाजा उघडा, खेळ संपला. खोटं कधी उघडं पडणार ते मी फासे टाकल्यासारखं नशिबावर सोडलं होतं. "बिल्कुल सही है, झूठ की सज़ा मिलनी चाहिए," लीड म्हणाला होता.

जी कंपनी आमचा खेळ बाजारात आणेल अशी आशा होती, तिचा माणूस तीन आठवड्यांनी येऊन स्वतः खेळून बघणार होता. तो नाही म्हणाला असता तर आम्ही अकरा जण दुसरीकडे नोकऱ्या शोधायला मोकळे. ऑफिसात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. चहाच्या मशीनपाशीही लोक मला विचारायचे, "नववा दिवस सुटला का?"

एका रविवारी दुपारी मी घरी डायनिंग टेबलावर लॅपटॉप मांडून बसले होते. बाहेर धुरकट थंडी, खिडक्या बंद. आई समोर मटार सोलत होती. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडेच असते. तिने विचारलं, "काय गं, सारखा तोच किल्ला पाडतेस?"

मी तिला सगळं समजावलं. आतल्या सैनिकांना काय म्हणायचं ते मला मराठीत आठवेना, तर ती म्हणाली, "शिबंदी म्हणतात. चौथीच्या इतिहासात होतं आम्हाला." मी शब्द वहीत लिहिला. मग खोट्या बातमीचं बटण दाखवलं, ते उघडं पडल्यावर दरवाजा कसा उघडतो तेही दाखवलं.

ती सोलायची थांबली.

"खोटं कळलं म्हणून दार का उघडतील?"

"धीर सुटतो ना सगळ्यांचा."

"कोणाचा सुटतो? राग येईल. राग आणि धीर सुटणं एक असतं होय?" तिने एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. "क्वार्टरमध्ये काय झालं होतं, आठवतं का तुला? लहान होतीस तू."

मला आठवत होतं. तिला वाटत होतं त्यापेक्षा जास्त आठवत होतं. पण मी म्हटलं, "थोडं थोडं."

मी नऊ वर्षांची होते. बाबांची पलटण सीमेवर गेली होती आणि आम्ही बायकापोरं कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये मागे राहिलो होतो. आमच्या लाइनीत आठ घरं, त्यातली सहा मराठी. बायका एकमेकींना वहिनी म्हणायच्या. तेव्हा मोबाइल नव्हते. पत्रं यायची, आणि गेटजवळ एका माजी सैनिकाचा एसटीडी बूथ होता. हरियाणाचा माणूस, डावा हात कोपरापासून नव्हता. तो उजव्या हाताने नंबर फिरवायचा आणि रिसीव्हर हनुवटीखाली धरायचा.

बारा दिवस कोणाचंच पत्र आलं नाही. तेराव्या दिवशी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर सांगून गेला की वर आपल्या गाड्यांवर हल्ला झालाय, बरेच गेले. कोण, कुठली पलटण, काही नाही. तेवढं बोलून तो टँकर घेऊन गेला. दुपारपर्यंत लाइनीतले निम्मे स्टो पेटले नाहीत. सहा नंबरच्या वहिनींनी दाराला आतून कडी लावली आणि दोन्ही मुलांना कुशीत घेऊन बसल्या. त्यांची मुलगी माझी मैत्रीण. खिडकीतून मी तिला खुणा केल्या, तर ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई मला घेऊन बूथवर गेली. युनिटच्या नंबरवर फोन लावायला सांगून आत शिरली, मला म्हणाली बाहेर थांब. बूथवाल्याने तीनदा, चारदा नंबर फिरवला. लागला नाही. आईने काचेमागून हाताने खूण केली, राहू दे. तरी ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. तिची पाठ माझ्याकडे होती. बूथवाल्याच्या टेबलावर मीटर होतं, फोन लागला की त्यावर लाल आकडे पळायचे. मी त्या मीटरकडे बघत होते. शून्य होतं. बूथवालाही बघत होता. तो काही बोलला नाही, मीही नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. क्वार्टरपाशी बायका जमल्याच होत्या. ती सरळ त्यांच्यात गेली आणि म्हणाली, "बोलणं झालं. यांचा आवाज ऐकला मी. सगळे ठीक आहेत, पत्रांची गाडी अडकलीय नुसती."

सहा नंबरच्या वहिनींनी तिला मिठी मारली. त्या रात्री लाइनीत सगळ्यांकडे स्वयंपाक झाला. दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत गेली. दुपारी बायका उन्हात बसून स्वेटर विणत हसत होत्या, आणि सगळ्यांत जास्त हसत होत्या सहा नंबरच्या वहिनी.

मी मात्र धड झोपत नव्हते. सगळे ठीक आहेत हे खोटं आहे, म्हणजे बाबा ठीक नाहीत, असं मला वाटत होतं. आणि हे फक्त मला माहीत होतं.

चौथ्या दिवशी झोपाळ्यावरून माझं मैत्रिणीशी भांडण झालं. ती म्हणाली, माझे पप्पा आले की तुला बसू देणार नाहीत. मी म्हटलं, "कुठून येणार? आईचा फोन लागलाच नव्हता. मीटर शून्य होतं." ती झोपाळ्यावरून उतरली आणि घराकडे पळाली.

अर्ध्या तासात पाच बायका आमच्या दारात होत्या. मी पडद्यामागे उभी होते. सहा नंबरच्या वहिनी पुढे होत्या.

"वहिनी, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा. फोन लागला होता?"

आई उंबऱ्याकडे बघत होती.

"सांगा ना."

"नाही लागला," आई म्हणाली.

आता कोणीतरी तिला मारणार असं मला वाटलं. पडदा मी मुठीत घट्ट धरला होता. पण कोणी ओरडलं नाही, रडलंही नाही. सहा नंबरच्या वहिनींनी पदर खोचला आणि मागे वळून म्हणाल्या, "चला. आता आपणच विचारायचं." त्या पाचही जणी चालत युनिटच्या ऑफिसकडे निघाल्या. मुलं मागे राहिलेल्या एकीकडे सोपवली, कोण कुठे बसणार ते चालता चालताच ठरलं. आई त्यांच्या मागे, वीस पावलांवर, मला हाताशी धरून. तिला कोणी ये म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

ऑफिसच्या व्हरांड्यात त्या बसून राहिल्या. शिपाई सांगून गेला, उद्या या. त्या उठल्या नाहीत. दिवे लागायच्या वेळेला एक सुभेदार साहेब कागद घेऊन बाहेर आले आणि उभ्याउभ्याच नावं वाचू लागले. बाबा ठीक होते. सहा नंबरचे काका नव्हते. ते जखमी होऊन आठवड्याभरापासून हॉस्पिटलात होते. म्हणजे आई बूथवरून येऊन "सगळे ठीक आहेत" म्हणाली, तेव्हाही ते तिथेच होते.

वहिनी आईपाशी आल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुम्ही मला चार दिवस हसवलंत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या आईशी बोलल्या नाहीत. काका वाचले, पण काही महिन्यांत त्यांची बदली झाली आणि ते कुटुंब गेलं. आम्हाला पुन्हा कधी भेटलं नाही.

मटार तसेच पडले होते. आई म्हणाली, "दोन दिवस जेवली नव्हती गं ती सहा नंबरची. म्हणून बोलून गेले. मला काय माहीत होतं." मग जरा वेळाने, "त्या बूथवाल्याने तोंड उघडलं. मी तक्रार केली त्याची, ऑफिसात जाऊन. घरच्या गोष्टी बाहेर सांगतो म्हणून. महिन्याभरात बूथ गेला त्याचा."

हे मला माहीत नव्हतं. तक्रार, बूथ जाणं, यातलं काहीच नाही. सांगायची वेळ तीच होती. पण मी म्हटलं, "चहा टाकू?"

सोमवारी ऑफिसात जाऊन मी माझं काम मोडलं. एक आकडा काढून दोन केले. एक, किल्लेदारावरचा विश्वास. दुसरा, माणसांचा एकमेकांवरचा भरवसा, आणि तो शेजाऱ्यापासून शेजाऱ्याकडे जायचा: एकत्र पाणी भरणारे, एका तटावर पहारा देणारे, एकमेकांची मुलं सांभाळणारे. खोटं उघडं पडलं की पहिला आकडा शून्य. पण दुसरा खाली येत नव्हता. राग आलेली माणसं एकमेकांजवळ सरकायची. फासेही काढून टाकले. खोटं आता आपोआप उघडं पडणार नव्हतं. ते पाहिलेलं कोणीतरी किल्ल्यात असायला हवं होतं: निरोप्या आलाच नाही हे ज्याला माहीत आहे, असा दरवाजाजवळचा एखादा माणूस.

नववा दिवस सुटला. अडचण दुसरीच निघाली. आता खोटं उघडं पडलं की माणसं किल्लेदाराकडून कोठाराच्या किल्ल्या काढून घ्यायची आणि पुढचं स्वतः ठरवायची. खेळणाऱ्याच्या हातात काही राहायचं नाही.

लीड माझ्या खुर्चीमागे उभा होता. "यार, खेलने वाला बैठ के देखता रहेगा? ये गेम है या सज़ा?"

"दरवाजा उघडणं ही पण सजाच होती," मी हिंदीत म्हटलं.

"वो समझ में तो आती थी."

आम्ही चार दिवस भांडलो. शेवटी वेळच उरली नाही. जुनं परत बसवायचं तर आणखी आठवडा लागला असता. तो म्हणाला, "चल, यही दिखाते हैं. डूबे तो साथ में." तेव्हापासून त्या भेटीच्या आदल्या दिवसापर्यंत तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

कंपनीचा तो माणूस आला. पन्नाशीचा, शांत, बेंगळुरूहून आलेला. हेडफोन लावून खेळायला बसला. आम्ही सगळे मागे उभे. खोलीत एसीचा आवाज आणि माउसची टकटक. सहाव्या दिवशी त्याची एक विहीर आटली. सातव्याला तटाला खिंडार पडलं. आठव्या दिवशी सकाळी त्याने चौकात माणसं बोलावली आणि बटण दाबलं. आकडे चढले. तो जरा मागे टेकला.

मी पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. दरवाजाजवळ पाण्याची घागर घेऊन एक मुलगी उभी होती. तिने काही पाहिलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं कोणी आलंच नव्हतं. ती विहिरीवर गेली. विहिरीवरून गोष्ट मुदपाकखान्यात गेली, तिथून तटावर. लीडने माझ्याकडे बघितलं.

माणसं चौकात जमली. किल्लेदाराच्या वाड्यासमोर उभी राहिली आणि त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. खेळायला बसलेल्या त्या माणसाने दोन-तीनदा हुकूम दिले. कोणी हललं नाही.

"अब मैं क्या करूँ?" त्याने हेडफोन काढून विचारलं.

मी म्हटलं, "देखिए."

त्याने पाहिलं. माणसांनी धान्य स्वतः वाटलं, आधी पोरांना. खिंडारात दगड रचले. तेराव्या दिवशी किल्ला पडला, पण त्याआधीच्या अंधारात निम्म्याहून जास्त माणसं मागच्या दिंडी-दरवाजातून खाली उतरून गेली होती. त्याने माउस सोडून हात मांडीवर ठेवले. मला वाटलं, संपलं. मग त्याने खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. लीड खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. महिन्याभराने होकार आला. अट एकच: बटण दाबण्याआधी खेळणाऱ्याला कळायला हवं की तो काय पणाला लावतोय.

मी घरी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मला दाखव." शनिवारी सकाळी तिला शेजारी बसवून मी खेळायला लागले. मुद्दाम वाईट खेळले. आठव्या दिवशी बटण दाबलं. खाली एक ओळ आली, ती मी तिला वाचून दाखवली: दरवाजापाशी उभ्या असलेल्या मुलीने विहिरीवर सांगितलं, कोणी आलं नव्हतं.

"मुलगी?" आई म्हणाली.

"हो."

"बूथवाला नाही घातलास."

मी लॅपटॉपकडेच बघत होते. "आई, त्याने नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं. झोपाळ्यावर."

ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, बाल्कनीत गेली आणि दार लोटून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही ती माझ्याशी बोलली नाही. जेवायला तेवढं वाढलं.

रविवारी संध्याकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली.

"तू लहान होतीस. तुला नाही काही म्हणत मी. पण तो मला म्हणाला होता, 'बहनजी, मैंने नहीं बोला.' दोनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. तो एका हाताने काम करायचा गं."

पुढच्या आठवड्यात आम्ही कॅन्टोन्मेंटला गेलो. बूथच्या जागी एटीएम होतं. सदर बाजारातला न्हावी जुना होता, त्याला तो आठवत होता. "वो तो अपनी मर्ज़ी से गए, माताजी. गाँव में ज़मीन थी," तो म्हणाला. आईने विचारलं, "पक्का?" तो म्हणाला, "पक्का." पण बोलताना तो आरशाकडे बघत होता. बाहेर येऊन आई फुटपाथवर उभी राहिली, मग परत आत गेली आणि त्याला गावाचं नाव विचारलं. नाव त्याला माहीत नव्हतं. झज्जरच्या बाजूचं कुठलंतरी, एवढंच.

तेव्हापासून आम्ही झज्जरच्या बाजूची चार गावं फिरलो. तिकडे प्रत्येक गावात दहा-वीस माजी सैनिक. लोक खाट टाकतात, ताक देतात आणि विचारतात, त्याला का शोधताय. आई दर वेळी आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगते: न लागलेला फोन, बायकांना सांगितलेलं खोटं, तक्रार. माझा भाग ती गाळते. तो मी सांगते.